घरच्या जनरेटरला ऑटोमॅटिक चेंजओव्हर : न्यूट्रलही बदलावा का, आणि मुळात तो बसवावा का?

दापोलीचे घर :

नमस्कार. दापोली तालुक्यात आमचे घर आहे. आई-वडील दोघेच तेथे राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. वडिलांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे हे यंत्र मिनिटाला पाच लिटरचे आहे. घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी आहे, पण कॉन्सन्ट्रेटर, दोन पंखे आणि दिवे एवढा भार पडला की ती दोन-अडीच तासांत मान टाकते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागात विजेचे काय हाल झाले होते, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. एरवीही पावसाळ्यात तारांवर झाड पडले की रात्री गेलेली लाईट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येत नाही.

मागच्या मांगरात, म्हणजे परसातल्या शेडमध्ये, ५ केव्हीएचा, किल्लीने सुरू होणारा पेट्रोल जनरेटर आहे. लाईट गेली की आईने विजेरी घेऊन मांगरापर्यंत जायचे, चोक ओढून जनरेटर चालू करायचा आणि परत येऊन घर लाईनवरून जनरेटरवर नेणाऱ्या चेंजओव्हरचा पडवीतला खटका फिरवायचा, अशी सध्याची पद्धत आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईने भर पावसात रात्री दोन वाजता हे करावे, असे मला वाटत नाही. म्हणून ऑटोमॅटिक चेंजओव्हर बसवायचे ठरवले आहे.

गावातला वायरमन म्हणतो की दोन कॉन्टॅक्टर (विजेने ओढले जाणारे खटके) लावू, त्यांतून फक्त फेज बदलू आणि महावितरणचा न्यूट्रल व जनरेटरचा न्यूट्रल एकत्र बांधून टाकू. न्यूट्रलला करंट नसतो, त्यामुळे काही बिघडत नाही. हे बरोबर आहे का? ऑनलाइन मिळणारा ६३ अँपिअरचा तयार चेंजओव्हर घेतला तर चालेल का? कनेक्शन सिंगल फेज असून मीटरच्या लगेच पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती करंट होताच पुरवठा तोडणारा खटका) आहे. छतावर ३ किलोवॅटचे ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाईनला जोडलेले) सोलर आहे आणि विहिरीवर १ एचपीचा सबमर्सिबल पंप आहे. या दोन्हींमुळे काही अडचण येईल का, तेही कृपया सांगावे.

निवृत्त विद्युत अभियंता :

न्यूट्रल एकत्र बांधू नये. चेंजओव्हर दोन पोलचाच घ्यावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी एका स्रोतावरून सुटतील आणि दुसऱ्यावर जातील. न्यूट्रलला करंट नसतो हा वायरमन मंडळींचा आवडता समज आहे. सिंगल फेज घरात फेजमधून जितका करंट आत येतो तितकाच न्यूट्रलमधून परत जातो; हात लावल्यावर सहसा झटका बसत नाही, एवढाच काय तो फरक.

बॅकफीडची, म्हणजे घरची वीज उलटी लाईनवर जाण्याची, भीती सर्वांना ठाऊक असते, पण ती केवळ फेजपुरती आहे असे गृहीत धरले जाते. आपला जनरेटर लाईनला जोडलेला राहिला आणि लाईन शाबूत असली, तर शेजारच्या घरांचा भार अंगावर पडून तो बहुधा लगेच बंद पडेल. पण वादळात तार आपल्या घरापासून दोन खांबांवरच तुटलेली असते. तेवढ्या तुकड्यावर भार जवळजवळ नसतो, जनरेटर निवांत चालत राहतो, आणि लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हातात २३० व्होल्ट येतात. तोच प्रवाह डीपीमधून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून, उलटा गेला तर वरच्या बाजूला हजारो व्होल्ट उमटतात, कारण जो ट्रान्सफॉर्मर ११,००० चे ४३३ करतो तोच उलट दिशेनेही तितक्याच इमानाने काम करतो. ग्राहकाचा जनरेटर पुरवठादाराच्या लाईनशी समांतर जोडला जाणार नाही अशी व्यवस्था असणे कायद्यानेही बंधनकारक आहे. न्यूट्रल कायमचा बांधून ठेवला तर ही व्यवस्था अर्धीच राहते. गावच्या लाईनचा न्यूट्रल कोठे तुटला आणि त्यावर काही व्होल्टेज चढले, तर ते जनरेटर चालू असतानाही आपल्या घरात येत राहते.

आता आरसीसीबीकडे वळू, कारण माझ्या मते आपल्या घरातली खरी त्रुटी तेथे आहे. तो मीटरच्या पुढे, म्हणजे चेंजओव्हरच्या आधी बसलेला आहे. याचा अर्थ आज जनरेटर चालू असतो तेव्हा घराला आरसीसीबीचे संरक्षणच नसते. आणि उद्या न्यूट्रल एकत्र बांधून जनरेटरच्या न्यूट्रलला अर्थिंगही दिले, तर महावितरणच्या पुरवठ्यावर असतानाही परतीच्या करंटचा काही भाग त्या अर्थिंगमधून जाईल आणि आरसीसीबी उगाचच पडत राहील. मग कोणीतरी वैतागून तो काढून टाकतो. असे झालेले मी अनेक घरांत पाहिले आहे. आरसीसीबी चेंजओव्हरच्या नंतर, घराच्या मुख्य डीबीत (वीज वाटपाच्या पेटीत) घ्यावा, म्हणजे तो दोन्ही स्रोतांवर काम करेल. मीटरपासून चेंजओव्हरपर्यंतच्या वायरिंगसाठी योग्य अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी (करंट जादा झाला की पडणारा खटका) ठेवावा.

एवढ्याने भागत नाही. लहान पेट्रोल जनरेटरचा न्यूट्रल बहुधा तरंगता असतो, म्हणजे तो जमिनीशी किंवा जनरेटरच्या सांगाड्याशी जोडलेला नसतो. अशा जनरेटरवर फ्रिजच्या पत्र्याला फेज लागली तरी गळती करंटला परत जायला वाटच नसते, त्यामुळे आरसीसीबीला काही कळत नाही. पहिल्या दोषात झटका बसत नाही हे खरे, पण दोष तसाच लपून राहतो आणि दुसरा दोष झाला की जिवावर बेतते. यावर उपाय असा : जनरेटरपाशीच, आणि फक्त तेथेच, त्याचे न्यूट्रलचे टोक सांगाड्याशी व अर्थिंगच्या तारेशी जाड तांब्याच्या तारेने जोडावे. घराच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थ कधीही एकत्र करू नयेत. दोन पोलचा चेंजओव्हर असल्यामुळे जनरेटरपाशी केलेली ही जोडणी महावितरणच्या न्यूट्रलपर्यंत पोहोचत नाही. आपल्या मॉडेलला अशी जोडणी चालते का, हे मात्र त्याच्या पुस्तिकेत आधी पाहावे. काही इन्व्हर्टर जातीच्या जनरेटरांना ती चालत नाही.

दापोलीला जांभा आहे, म्हणून एक गोष्ट अधिक सांगतो. जांभ्याच्या कातळात खणलेल्या अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात इतका वाढतो की नुसत्या एमसीबीच्या भरवशावर राहणे धोक्याचे असते, कारण तो पडण्याइतका करंट मातीतून जाऊच शकत नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला मात्र अर्थिंगचा रोध हजार ओहमच्या पुढे गेला तरी काम करता येते, कारण ५० व्होल्टला ०.०३ ने भागले तर मर्यादा सुमारे १,६६० ओहम येते. म्हणून अर्थिंग वाईट ठेवावे असे नव्हे. खड्डा विहिरीजवळच्या ओलसर मातीत घ्यावा आणि तेथून घरापर्यंत सलग तार आणावी. जनरेटरच्या सांगाड्यालाही दोन स्वतंत्र तारांनी अर्थिंग द्यावे. हे सारे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि त्याचा चाचणी अहवाल मागून घ्यावा.

पॅनेलवाला :

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी अशी पॅनेल बनवतो, म्हणून केवळ यंत्रणेबद्दल लिहितो.

चेंजओव्हर कोणता घ्यावा याआधी जनरेटर स्वतःहून सुरू होऊ शकतो का, हा प्रश्न सोडवावा लागेल. ऑनलाइन मिळणारे बहुतेक तयार चेंजओव्हर फक्त दोन स्रोतांमध्ये अदलाबदल करतात. दुसऱ्या बाजूला वीज आधीच तयार आहे असे ते धरून चालतात. जनरेटरला ‘सुरू हो’ असा संदेश देणे, इंजिनाने दाद दिली नाही तर थोड्या विश्रांतीने पुन्हा सेल्फ मारणे, तीन प्रयत्नांनंतर थांबून भोंगा वाजवणे आणि शेवटी इंजिन थंड करून बंद करणे ही कामे वेगळ्या कंट्रोलरची असतात. त्यालाच आम्ही एएमएफ पॅनेल म्हणतो. किल्लीच्या पेट्रोल जनरेटरमध्ये घोडे अडते ते चोकपाशी. थंड इंजिनाला चोक लागतो आणि तो हाताने ओढायचा असेल तर पुढची सगळी ऑटोमॅटिक यंत्रणा व्यर्थ आहे. सोलेनॉइड बसवून चोक ओढणारे जुगाड मी पाहिले आहेत; शेतावरच्या जनरेटरला ते ठीक, पण घरात ऑक्सिजनवर माणूस असताना मी ते बसवणार नाही. एकतर ऑटो-चोक आणि रिमोट स्टार्टची सोय असलेला पेट्रोल संच घ्या, किंवा कंट्रोलरसह येणारा लहान डिझेल सायलेंट संच घ्या. डिझेलला चोकही नाही आणि ठिणगीही नाही. आवाजाची मर्यादा अशा संचांना एक मीटरवर ७५ डेसिबल आहे, तेव्हा शेजारी फार दुखावणार नाहीत.

सेल्फ मारणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीला महावितरणच्या पुरवठ्यावर चालणारा छोटा चार्जर कायम जोडून ठेवावा. संच चार महिने उभा राहिला आणि नेमक्या वेळी नुसता ‘टक्’ आवाज आला, तर त्याचे कारण दहापैकी नऊ वेळा हेच असते.

कॉन्टॅक्टर की मोटरवर फिरणारा चेंजओव्हर, यात माझी पसंती मोटरवाल्याला आहे. कॉन्टॅक्टर आपल्या कॉइलच्या जोरावर धरून राहतो, आणि कोकणात संध्याकाळी व्होल्टेज दीडशेवर आले की तो थरथरू लागतो व टोके जळतात. मोटरवाला चेंजओव्हर एकदा फिरला की वीज असो वा नसो, जागेवरच राहतो. कॉन्टॅक्टरच घ्यायचे असतील तर त्यांच्यात विद्युत आणि यांत्रिक असे दोन्ही इंटरलॉक (दोघांना एकदम लागू न देणारे अडसर) असावेत, आणि १८० व्होल्टच्या खाली व २६० च्या वर लाईन ‘गेली’ असे ठरवणारा व्होल्टेज रिले असावा. पॅनेल पडवीत लावणार असाल तर त्याला चांगले गॅस्केट आणि खालून केबल ग्लँड हवेत. समुद्राकाठच्या खारट हवेपेक्षाही मला अशा पॅनेलमध्ये जास्त सापडतात त्या मुंग्या आणि पाली. पाल दोन टोकांच्या मध्ये अडकून कोळसा झाली की कॉन्टॅक्टर पूर्ण बसत नाही, आणि दोष मात्र जनरेटरला दिला जातो.

पॉवरची केबल आणि सुरू करण्याच्या संदेशाची बारीक तार एकाच पाइपातून नेऊ नये. अंतर फार नसेल तर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची आर्मर्ड केबल पुरेल.

आंबा बागायतदार :

वेगळे मत मांडतो, राग नसावा. आई-वडील एकटे राहत असतील तर घरात जितकी कमी यंत्रे तितके बरे. इंजिन, चोक, पेट्रोल, सेल्फची बॅटरी, कंट्रोलर, चेंजओव्हर, यांतले एक जरी रुसले तरी लाईट येत नाही, आणि दुरुस्त करणारा माणूस खेड किंवा रत्नागिरीहून येणार. त्यापेक्षा बॅटरी वाढवावी. सध्याची १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास, त्यातले वापरता येतात साधारण हजार-बाराशे. त्याऐवजी ५ किलोवॅट-तासाची लिथियम बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर घेतला, तर ५०० वॅटच्या भारावर सगळी रात्र निघते. बॅटरीला पावसात उठून सुरू करावे लागत नाही. जनरेटर आहे तसाच हाताने चालवायचा राहू द्या. सकाळी शेजारचा कोणी येऊन लावून देईल.

आणखी एक. पेट्रोल कॅनमध्ये भरून वर्षभर ठेवता येत नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते आपल्याकडच्या दमट हवेत पाणी ओढून घेते आणि कार्बोरेटर तुंबतो. शिवाय परवान्याशिवाय घरात ३० लिटरपेक्षा अधिक पेट्रोल साठवता येत नाही. निसर्गच्या वेळी पंपांवर रांगा होत्या, हे विसरू नये.

दापोलीचे घर :

आपला मुद्दा पटला, पण पूर्ण नाही. रात्र बॅटरीवर निघेल, पण लाईट दोन दिवस आली नाही तर शेजाऱ्यांवर अवलंबून राहावे लागेल, आणि वादळात शेजारीही आपापल्या घरांची कौले सावरण्यात असतात. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर? म्हणजे बॅटरी वाढवायची आणि डिझेल संच एएमएफसह घ्यायचा. तसे केल्यास टायमर कसे ठेवावेत?

पॅनेलवाला :

तसे केलेत तर उत्तमच. रुग्णालयात दहा सेकंदांत जनरेटर हवा असतो, म्हणून पॅनेल येतानाच लाईट गेल्यावर पाच-दहा सेकंदांचा विलंब लावून येते. आपल्या घरी मधल्या वेळेचा भार इन्व्हर्टर उचलतो, तेव्हा घाई कशाला? वाढवलेली बॅटरी असेल तर सुरुवातीचा विलंब खुशाल १० ते १५ मिनिटे ठेवा. वारा सुटल्यावर लाईट दर पाच मिनिटांनी जाते-येते, त्या प्रत्येक वेळी इंजिनाने खोकत उठायची गरज नाही. इंजिन सुरू झाल्यावर भार घेण्याआधी अर्धा मिनिट, लाईट परत आल्यावर ती टिकते का हे पाहण्यासाठी पाच मिनिटे आणि नंतर इंजिन थंड व्हायला तीन मिनिटे द्यावीत. काही कंट्रोलरना इन्व्हर्टरच्या बॅटरीचे व्होल्टेज पाहून संच सुरू करता येतो. तसा मिळाला तर तो या घरासाठी सर्वांत योग्य ठरेल.

सबमर्सिबल पंप जनरेटरवर घेऊ नका. १ एचपीचा पंप चालताना अकराशे-बाराशे वॅट खातो, पण सुरू होताना चार ते सहा पट करंट ओढतो. त्या धक्क्याने जनरेटरचे व्होल्टेज बसते आणि इन्व्हर्टर पुन्हा बॅटरीवर उडी मारतो. पंपाची लाईन चेंजओव्हरच्या आधीच वेगळी काढा, टाकी भरलेली ठेवा.

सौर पॅनेल बसवणारा :

सोलरबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईन गेल्यावर स्वतःहून बंद होतो, कारण मृत लाईनवर वीज सोडायची नाही अशी त्याची रचनाच असते. पण त्याची वायर घराच्या डीबीत, म्हणजे चेंजओव्हरच्या नंतर जोडलेली असेल, तर जनरेटर सुरू होताच त्याला पुन्हा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ दिसतात, आणि लाईन आली असे समजून तो वीज सोडू लागतो. दुपारी घरात भार ५०० वॅट आणि छतावर दोन किलोवॅट तयार होत असतील, तर उरलेली वीज जनरेटरमध्ये उलटी घुसते. त्याला ती पचवता येत नाही. व्होल्टेज चढते, कधी व्होल्टेज रेग्युलेटर जळतो, तर कधी घरातली उपकरणे. म्हणून सोलरची जोडणी नेट मीटर आणि चेंजओव्हर यांच्या मध्येच हवी. दापोलीच्या आसपासच्या घरांत मी पाहिले आहे की जवळ पडते म्हणून ती डीबीतच केलेली असते. आपण आधी तपासून घ्या.

घरच्या इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन पर्याय असतील. यूपीएसवर तो साधारण १८० ते २६० व्होल्टच स्वीकारतो आणि जनरेटरची थोडी डगमगही त्याला खपत नाही. जनरेटर चालू असूनही बॅटरी उतरतच जाते आणि घरच्यांना कारण कळत नाही. नॉर्मलवर ठेवून पाहा. बॅटरी लिथियम घेतली तर चार्जिंगचा करंट किती लागणार हे विचारून संचाची क्षमता ठरवा, कारण ५ केव्हीएवर लिहिलेला आकडा बऱ्याचदा कमाल असतो, सततचा नसतो.

दापोलीचे घर :

सर्वांचे आभार. सोलरची वायर खरोखरच डीबीत आहे असे आईने फोटो पाठवल्यावर दिसले. ती आधी हलवून घेतो. लिथियम बॅटरी, दोन पोलचा मोटरवाला चेंजओव्हर, एएमएफसह डिझेल संच, आरसीसीबी चेंजओव्हरनंतर आणि न्यूट्रलची जोडणी संचापाशी, असे ठेकेदाराला लिहून दिले आहे. तो संच मागच्या पडवीत ठेवू म्हणतो, म्हणजे शेड बांधायला नको. काम झाल्यावर ते बरोबर झाले हे मी कसे तपासावे? आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहिले तर पुरे का?

निवृत्त विद्युत अभियंता :

पडवीत अजिबात नको. सायलेंट संच असला तरी धूर तोच, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. पडवीची खिडकी वडिलांच्या खोलीत उघडत असेल आणि वारा आतल्या बाजूचा असेल, तर कॉन्सन्ट्रेटर तीच हवा ओढून त्यांना देईल. संच मोकळ्या जागी, उंच जोत्यावर, वर पत्रा आणि बाजू उघड्या अशा शेडमध्ये ठेवावा. सायलेन्सरचे तोंड घराकडे नसावे. झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. कॉन्सन्ट्रेटरसाठी रेग्युलेटरसह भरलेला सिलिंडर घरात राहू द्या, यंत्रणा कितीही चांगली बसली तरी.

टेस्ट बटण पुरेसे नाही. ते दाबल्यावर आरसीसीबीच्या आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये मुद्दाम असमतोल निर्माण होतो. त्याचा अर्थिंगशी काही संबंध नसतो. त्यामुळे संचाचा न्यूट्रल तरंगता राहिला असला तरी बटण दाबताच खटका पडतो आणि सगळे ठीक आहे असा भास होतो. ठेकेदाराकडे आरसीसीबी टेस्टर असतो. महावितरणचा मेन बंद करून घर संचावर येऊ द्यावे आणि स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये टेस्टर लावून फेज व अर्थ यांच्यातली गळती तपासून घ्यावी. ३० मिलिअँपिअरला तेथे खटका पडला तरच संचापाशी केलेली जोडणी खरी. त्याच वेळी, मेन बंद असताना, चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या दोन्ही टोकांवर मीटर धरून पाहावे. फेजवरही काही दिसता कामा नये आणि न्यूट्रल व संचाचा न्यूट्रल यांच्यात थेट सातत्यही दिसता कामा नये. या दोन मोजण्या ठेकेदाराने आपल्यासमोर कराव्यात, म्हणून त्या दिवशी आपण स्वतः दापोलीला असावे. पुढे महिन्यातून एकदा आईने मेन खाली पाडून संचाला पंधरा-वीस मिनिटे भारासह चालू द्यावे. डिझेल इंजिन नेहमी रिकामे फिरवले तर त्यात काजळी धरते.